खाण, चॅपल, गाव: अमेरिकेच्या कोळसा-लोखंडाच्या गावांतला वेल्श पूर्वज कसा शोधावा

६ सप्टेंबर १८६९ रोजी पेनसिल्वेनियातल्या प्लिमथजवळ ॲव्हनडेलच्या कोळसाखाणीत आग लागली. खाणीला वर येण्याची वाट एकच होती आणि तिच्याच तोंडावर कोळसा फोडण्याची लाकडी इमारत उभी होती. इमारत पेटली आणि आत अडकलेल्यांचा मार्गच बंद झाला. एकूण ११० जण गेले, त्यांतले बहुतेक वेल्श, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सहून आलेले. सुरुवातीला सुटकेसाठी खाली उतरलेले दोघेही परत आले नाहीत. त्यांची नावं थॉमस विल्यम्स आणि डेव्हिड जोन्स.

ही दोन नावं नीट लक्षात ठेवा, कारण वेल्श घराण्याचा शोध घेणाऱ्याची सगळी अडचण त्यांत आहे. त्या काळच्या कुठल्याही वेल्श खाणगावात या नावांची माणसं गल्लोगल्ली सापडतात. नुसत्या नावाच्या मागे लागलात तर नाकी नऊ येतील आणि शेवटी भलत्याच घराण्याची वंशावळ हाती लागेल. शोध घ्यायचा तो तीन गोष्टींचा: माणूस काम काय करत होता, कुठल्या चॅपलला, म्हणजे आपल्या पंथाच्या प्रार्थनाघराला, जात होता आणि वेल्समधल्या कुठल्या गावाहून आला होता. या तिन्ही जुळल्या की नाव आपोआप पक्कं होतं.

पेनसिल्वेनिया-ओहायोत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी काहींच्या घरात सून किंवा जावई याच खाणवाल्यांच्या वंशातले आहेत, आणि नातवंडांना दोन्हीकडच्या आजा-पणज्यांची माहिती हवी असते. शिवाय कामगारांच्या इतिहासाची ओढ असणाऱ्या कुणालाही हा शोध गुंतवून ठेवील असा आहे. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत वेल्समध्ये जन्मलेले सुमारे एक लाख लोक नोंदले गेले, आणि त्यांतले एकतृतीयांशाहून अधिक एकट्या पेनसिल्वेनियात होते. आकडा लहान वाटेल, पण अमेरिकेचा कोळसा आणि लोखंड उभं करण्यात या लोकांचा वाटा फार मोठा आहे.

पहिली पायरी: घरातली पेटी उघडा

इंटरनेटवर बसण्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाशी बोला. प्रश्न मात्र योग्य विचारा. "पणजोबा कुठून आले?" या प्रश्नाला "वेल्स" एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा "पणजी कुठल्या चॅपलला जायची?", "घरात कोण गायचं?", "कुणाला खाणीत अपघात झाला होता का?" असं विचारा. घरची जुनी बायबल असेल तर तिची सुरुवातीची आणि मधली कोरी पानं बघा. जन्म-मृत्यूच्या नोंदी तिथेच केल्या जात, पुष्कळदा वेल्श भाषेत. अंत्यविधीची छापील कार्डं, फोटोंच्या मागचे स्टुडिओचे शिक्के आणि लॉजचे, म्हणजे परस्पर साहाय्य संस्थांच्या शाखांचे, बिल्लेही जपून ठेवा. आयव्होराइट्स नावाची वेल्श लोकांची एक परस्पर साहाय्य संस्था होती आणि तिचं कामकाज वेल्शमध्ये चालत असे. तिचा बिल्ला सापडला तर माणूस वेल्श बोलणाऱ्यांतला होता हे जवळजवळ ठरलंच.

दुसरी पायरी: जनगणना उलटी वाचत जा

अमेरिकेच्या १९५० पर्यंतच्या जनगणना खुल्या आहेत. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर मोफत खातं काढून त्या बघता येतात. अलीकडच्या ज्ञात माणसापासून सुरू करा आणि दहा-दहा वर्षं मागे जा. मधली पायरी गाळू नका. १८९० चे बहुतेक कागद आगीत गेले आहेत, तेव्हा १९०० वरून थेट १८८० वर उडी मारावी लागते, आणि चुका होतात त्या याच वीस वर्षांत.

प्रत्येक जनगणनेचा उपयोग वेगळा आहे. १८५० पासून घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि जन्मस्थान मिळतं. १८८० मध्ये कुटुंबप्रमुखाशी नातं आणि आईवडिलांचं जन्मस्थान आलं. १९०० चा कागद सगळ्यात श्रीमंत: जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं झाली आणि किती जगली, अमेरिकेत कोणत्या साली आले. आल्याचं साल आठवणीतून सांगितलेलं असतं, म्हणून दोन-तीन वर्षं मागे-पुढे धरा. १९१० मध्ये परदेशात जन्मलेल्यांची मातृभाषाही नोंदलेली आहे.

एखाद्या घराचा कागद उघडलात की मुलांच्या जन्मस्थानांवरून बोट खाली न्या. थोरला मुलगा वेल्समध्ये, दुसरी मुलगी मेरीलँडमध्ये, तिसरा पेनसिल्वेनियात असं दिसलं, तर कुटुंबाचा सगळा प्रवास त्या चार ओळींत मांडलेला आहे. मेरीलँड म्हणजे बहुधा फ्रॉस्टबर्ग-माउंट सॅव्हेजकडचा कोळसा आणि लोखंड. आता तिथली जनगणना बघा.

मग त्याच कागदाच्या आधीची दोन-तीन आणि नंतरची दोन-तीन पानं वाचा. हा कंटाळा करू नका, मी तर म्हणेन की या पायरीतलं सगळ्यात मोलाचं काम हेच. वेल्श माणसं एकटीदुकटी आली नाहीत. आधी बाप किंवा भाऊ आला, त्याने काम मिळवलं, मग घर आलं, मग शेजारचं घर आलं. शेजारी म्हणून दिसणारा पुष्कळदा मेहुणा निघतो.

एक धोका आधीच सांगून ठेवतो. मॉनमथशायर हा परगणा जुन्या कागदांत बऱ्याचदा इंग्लंडमध्ये धरलेला असतो. ट्रेडेगार, एब्बू व्हेल, ऱ्हिम्नी ही लोखंडाची गावं त्याच परगण्यात. तेव्हा जन्मस्थान "इंग्लंड" दिसलं आणि आडनाव मॉर्गन किंवा प्रॉसर असलं, तर तो माणूस आपला नाही असं ठरवून मोकळे होऊ नका.

तिसरी पायरी: कामावरून परगणा ओळखा

जनगणनेतला व्यवसायाचा रकाना घाईघाईत वाचला जातो, पण वेल्श माणसाच्या बाबतीत तो नकाशाच असतो. ही माणसं मजूर म्हणून नाही, कसब घेऊन आली. जिथे ते कसब लागत होतं तिथेच ती गेली.

डेव्हिड थॉमसचं उदाहरण घ्या. १७९४ साली दक्षिण वेल्समध्ये जन्मलेला हा माणूस स्वानसी खोऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या इनिसकेडविनच्या लोखंड कारखान्यात होता. तिथे जॉर्ज क्रेन आणि तो मिळून अँथ्रासाइट कोळशावर लोखंड गाळण्याच्या मागे होते. हा कोळसा कडक, सहज न पेटणारा. थंड हवेच्या झोतावर तो भट्टीत नीट जळत नसे. झोतच आधी तापवून सोडला तेव्हा, १८३७ मध्ये, हे साधलं. पूर्व पेनसिल्वेनियात अँथ्रासाइटचे डोंगरच्या डोंगर पडून होते आणि भट्ट्यांना त्याचा उपयोग होत नव्हता. लीहाय खोऱ्यातल्या कंपनीने थॉमसला करार करून बोलावलं. तो १८३९ मध्ये आला आणि जुलै १८४० मध्ये कॅटासाक्वाची भट्टी चालू झाली. त्यानंतर त्या सगळ्या टापूत अँथ्रासाइटवरच्या झोतभट्ट्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्यामागून वेल्श कारागीर येत गेले. तुमचा पूर्वज १८४० नंतर लीहाय खोऱ्यात भट्टीवर होता, तर स्वानसी खोऱ्याच्या वरच्या अंगाची गावं आधी तपासा.

पुढचं गणित साधारण असं. पडलर, रोलर, हीटर हे शब्द दिसले तर लोखंड: मर्थर टिडव्हिल, डाउलेस, ट्रेडेगार, एब्बू व्हेल. पडलर म्हणजे भट्टीतलं वितळलेलं लोखंड लांब सळईने घोळून शुद्ध करणारा. उष्णतेतलं, अंगमेहनतीचं आणि तितक्याच पारख्या नजरेचं काम. टिनप्लेटचा, म्हणजे कथील चढवलेल्या पत्र्याचा, उल्लेख असेल आणि काळ १८९० नंतरचा असेल, तर लानेली आणि स्वानसी. १८९० च्या मॅकिन्ली जकातीने, म्हणजे अमेरिकेने आयात मालावर बसवलेल्या जबर कराने, वेल्श पत्र्याची अमेरिकेतली बाजारपेठ मोडली, तेव्हा पत्र्याऐवजी पत्रा करणारेच तिकडे गेले, पेनसिल्वेनियातल्या न्यू कॅसलला, इंडियानातल्या एलवुडला. स्लेटच्या खाणी असतील, म्हणजे पेनसिल्वेनियातलं बँगर किंवा स्लेटिंग्टन, तर शोध उत्तरेकडे कार्नारव्हॉनशायरला न्या. दक्षिणेत वेळ घालवू नका. आणि ओहायोतले जॅक्सन-गॅलिया परगणे हे वेगळंच प्रकरण आहे. तिथली मूळ वेल्श माणसं कार्डिगनशायरची शेतकरी मंडळी. त्यांनी जमिनीखालचं लोखंड पाहून स्वतःच पैसे घालून लोणारी कोळशाच्या भट्ट्या काढल्या. जेफरसन भट्टी ही त्यांतली एक. रविवारी ती बंद राहत असे, कारण मालकच चॅपलवाले.

फसवी गावंही ध्यानात घ्या. फिलाडेल्फियाजवळची ब्रिन मॉर, रॅडनॉर ही वेल्श नावं १६८२ पासून आलेल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतीच्या आठवणीची आहेत. कोळसा-लोखंडवाल्या स्थलांतराशी त्यांचा संबंध नाही.

चौथी पायरी: खाणीचे कागद

अँथ्रासाइटच्या खाणीत कामाची उतरंड ठरलेली असे. लहान पोरं ब्रेकरमध्ये, म्हणजे कोळसा फोडून चाळण्याच्या इमारतीत, कोळशातले दगड वेचत. थोडी मोठी झाली की खाली हवेची दारं उघडायला, मग खेचरं हाकायला. पुढे मजूर, आणि शेवटी मायनर. मायनर सुरुंग घालून कोळसा पाडणार, मजूर तो भरणार, आणि मजुराचा पगार पुष्कळदा मायनरच्या हातून जाणार. स्क्रँटनकडे मायनर वेल्श आणि मजूर आयरिश अशी विभागणी बरीच होती, त्यातून वैरही वाढलं. म्हणून "कोल मायनर" आणि "वर्क्स इन माइन्स" या दोन नोंदी एकच समजू नका. १८८९ च्या कायद्याने अँथ्रासाइट खाणीत मायनर म्हणून काम करायला अनुभवाचा दाखला लागू लागला.

ॲव्हनडेलनंतर १८७० मध्ये पेनसिल्वेनियाने अँथ्रासाइट खाणींसाठी कायदा केला: बाहेर पडायच्या दोन वाटा हव्यात, सरकारी निरीक्षक हवेत. त्या निरीक्षकांचे वार्षिक अहवाल छापलेले आहेत आणि शोधणाऱ्यासाठी ते सोन्याची खाण आहेत. मृताचं नाव, तारीख, खाण, काम, मागे विधवा आणि किती मुलं, अपघात कसा झाला, हे सगळं त्यांत ओळीने येतं. बहुतेक मृत्यू ॲव्हनडेलसारख्या मोठ्या दुर्घटनेतले नाहीत. छताचा दगड कोसळला, डब्याखाली सापडला, सुरुंग लवकर उडाला, असे एकेकट्याचे मृत्यू पानंच्या पानं भरून आहेत. ती पानं सावकाश वाचावीत. १८९९ पासूनची अँथ्रासाइट खाणअपघातांची नोंदपुस्तकं हॅरिसबर्गच्या राज्य अभिलेखागारात आहेत.

त्याच अभिलेखागाराचा आणखी एक मोठा उपयोग. पेनसिल्वेनियात राज्य पातळीवर मृत्यूची नोंद १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली, आणि पन्नास वर्षं उलटलेले दाखले खुले आहेत. राज्यातल्या रहिवाशांना ते अभिलेखागारामार्फत ऑनलाइन मोफत बघता येतात. या दाखल्यावर मृताच्या आईचं माहेरचं नाव असतं. ते टिपून ठेवा, आठव्या पायरीत त्याचीच गरज पडणार आहे. मात्र माहिती देणारा कोण, हा रकाना आधी वाचा. मुलीने सांगितलेलं आणि शेजाऱ्याने सांगितलेलं यांत फरक असतो.

पाचवी पायरी: चॅपल आणि वर्तमानपत्रं

वेल्श खाणगावात चॅपल म्हणजे प्रार्थना, शाळा, गायनवर्ग आणि नोकरी लावून देणारं ठिकाण, सगळं एकत्र. मुख्य पंथ तीन: काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट आणि कॅल्व्हिनिस्टिक मेथडिस्ट. तिसरा पंथ १९२० मध्ये अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये मिसळला, म्हणून त्याची कागदपत्रं फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत विचारा. बाप्टिस्टांकडे बालकाच्या बाप्तिस्म्याची नोंद मिळणार नाही, कारण ते मोठेपणी बाप्तिस्मा देतात. तिथे सभासदांच्या याद्या बघाव्या लागतात. नवा सभासद जुन्या चॅपलचं पत्र घेऊन येई. अशा पत्राची नोंद सापडली तर वेल्समधल्या गावाचं नाव थेट हाती येतं, आणि जहाजाच्या याद्या धुंडाळण्याचे कष्ट वाचतात.

गाणं हा या लोकांचा प्राण. जोसेफ पॅरीची गोष्ट त्यासाठीच सांगावीशी वाटते. मर्थर टिडव्हिलला १८४१ मध्ये जन्म, लहानपणीच खाणीत आणि मग सायफार्थाच्या लोखंड कारखान्यात काम. बाप आधी अमेरिकेत गेला, पाठोपाठ १८५४ मध्ये घर गेलं, पेनसिल्वेनियातल्या डॅनव्हिलला. तिथल्या रोलिंग मिलमध्ये राबतानाच सोबतच्या कामगारांकडून तो संगीत शिकला. पुढे वेल्समध्ये ॲबरिस्टविथच्या विद्यापीठात १८७४ मध्ये संगीताचा पहिला प्राध्यापक झाला. कामगारांनी कामगाराला घडवलं, आणि तेही पाळी संपल्यावरच्या वर्गांत, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासातली सगळ्यात उंचीची वाटते. १८९३ च्या शिकागो जागतिक मेळ्यातल्या आइस्टेडवॉडमध्ये, म्हणजे वेल्श गायन-काव्य स्पर्धेत, मोठ्या मिश्र गायनवृंदांचं पहिलं बक्षीस स्क्रँटनच्या वृंदाने नेलं. सॉल्ट लेक सिटीचा टॅबरनॅकल वृंद दुसरा आला.

शोधासाठी याचा अर्थ असा की स्पर्धांच्या बातम्यांत साध्या खाणकामगारांची नावं छापून येत. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या क्रॉनिकलिंग अमेरिका या संग्रहात स्क्रँटन ट्रिब्यून मोफत वाचता येतं. नाव टाकून शोधण्यापेक्षा चॅपलचं नाव, गल्ली किंवा खाणीचं नाव टाका. वेल्श भाषेतलं द्रिख हे पत्र १८५१ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालं. त्यातल्या मृत्युलेखांत जन्मगाव आणि परगणा देण्याचा प्रघात होता. भाषांतराचं साधन वापरून अर्थ लावता येतो, पण जुनं लेखन आणि छपाईतल्या चुका धरून ओळ दोनदा तपासा. लेखात खरं नाव नसून काव्यनामच असण्याचीही शक्यता असते. पॅरीलासुद्धा "पेनकेर्ड अमेरिका" असा किताब होता.

सहावी पायरी: दफनभूमी

ॲव्हनडेलचे पुष्कळ मृत स्क्रँटनच्या हाइड पार्क भागातल्या वॉशबर्न स्ट्रीट दफनभूमीत आहेत. फाइंड अ ग्रेव्ह या थडग्यांच्या संकेतस्थळावर फोटो बघितले तरी शक्य असेल तर स्वतः जा, कारण फोटोत शेजारची थडगी दिसत नाहीत.

वेल्श दगड वाचायला चार-पाच शब्द पुरतात. "एर कोव आम" म्हणजे स्मरणार्थ. "गानुइद" म्हणजे जन्म, "बी वारू" म्हणजे मृत्यू. "माब" मुलगा, "मेर्ख" मुलगी, "प्लुइव" म्हणजे पॅरिश, एका चर्चच्या हद्दीतला गावभाग. परगण्यांची नावंही वेल्शमध्ये असतात: सीर वोर्गानुग म्हणजे ग्लॅमॉर्गन, सीर वनुई म्हणजे मॉनमथशायर, सीर आबर्तेइवी म्हणजे कार्डिगनशायर. हे शब्द उच्चाराप्रमाणे दिले आहेत. दगडावर एकेरी एफ हे अक्षर दिसेल तिथे "व" वाचा, डब्ल्यू दिसेल तिथे बहुधा "उ".

झिजलेली अक्षरं वाचण्यासाठी दगडावर खडू, पीठ किंवा दाढीचा फेस चोळू नका. त्याने दगड खराब होतो. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडतं तेव्हा जा, किंवा आरशाने बाजूने उजेड टाका. दगडाच्या चारही बाजूंचा फोटो घ्या. मुलांची नावं पुष्कळदा कडेला असतात.

सातवी पायरी: समुद्र ओलांडल्याचा पुरावा

इथे फार वेळ घालवू नका. प्रवासी याद्या १८२० पासून आहेत. न्यूयॉर्कला स्थलांतरितांना उतरवून घेण्याचं ठिकाण १८५५ ते १८९० कॅसल गार्डन, १८९२ पासून एलिस आयलंड. बहुतेक वेल्श लोक लिव्हरपूलहून निघत. जुन्या यादीत नाव, वय, व्यवसाय आणि देश एवढंच असतं, म्हणून डेव्हिड जोन्स नावाचा खाणकामगार यादीत सापडला तरी तो तुमचाच हे ठरत नाही. सोबतच्या बायकामुलांची नावं आणि वयं जुळली तरच धरा. नागरिकत्वाचे कागद १९०६ पर्यंत स्थानिक न्यायालयांतही होत असत, म्हणून परगण्याच्या न्यायालयात विचारा. साक्षीदारांची नावं उतरवून घ्या, ते पुष्कळदा नातेवाईक किंवा गाववाले असतात.

आठवी पायरी: वेल्सकडे

इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी जन्मनोंद १ जुलै १८३७ पासून आहे. तिथल्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन सूचीत जन्माबरोबर आईचं माहेरचं नावही मिळतं. पेनसिल्वेनियाच्या मृत्युदाखल्यावरून टिपलेलं नाव इथे वापरा. ग्लॅमॉर्गनमध्ये एका वर्षी डेव्हिड जोन्स ढिगाने जन्मले असतील, पण आई माहेरची प्रॉदरो असलेले एक-दोनच निघतील. १८७५ पूर्वी काही जन्म नोंदलेच गेले नाहीत, हेही धरून चाला.

१८३७ च्या मागे गेलात की आडनावच बदलतं. वेल्समध्ये, विशेषतः ग्रामीण भागात, बापाचं नाव हेच मुलाचं आडनाव होण्याची रीत उशिरापर्यंत टिकली. जॉनचा मुलगा जोन्स, इव्हानचा इव्हान्स; हॅरीचा मुलगा "ॲप हॅरी" आणि त्याचं पॅरी. आपल्याकडे मधलं नाव बापाचं असतं, तसंच हे, फक्त ते शेवटी येतं आणि पिढीगणिक बदलतं. म्हणून डेव्हिड जोन्सचा बाप जॉन डेव्हिस आणि त्याचा बाप डेव्हिड इव्हान्स असू शकतो. मराठी वाचकाला हे पटकन उमगतं, अमेरिकन नातेवाइकांना मात्र कागदावर आकृती काढून दाखवा.

ॲबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्सने १८५८ पूर्वीची मृत्युपत्रं आणि जुनी वेल्श वर्तमानपत्रं मोफत ऑनलाइन ठेवली आहेत. खाणकामगाराचं मृत्युपत्र क्वचितच सापडतं, पण त्याच्या शेतकरी आजोबाचं सापडू शकतं, आणि त्यात "अमेरिकेत असलेला माझा मुलगा" असा उल्लेख निघाला तर दोन्ही किनारे जोडले जातात. ग्लॅमॉर्गनची स्थानिक कागदपत्रं कार्डिफला, मॉनमथशायरची एब्बू व्हेलच्या ग्वेंट आर्काइव्ह्जमध्ये.

नववी पायरी: जागेवर जा

स्क्रँटनला एक दिवस ठेवा. शहरातल्या चार दगडी लोखंडभट्ट्या सकाळी बघा. त्यांचा धनी कारखाना १९०२ च्या सुमारास बफेलोजवळ हलला. पूर्वज त्या वर्षानंतर स्क्रँटनमधून गायब झाला असेल तर त्याला न्यूयॉर्क राज्यातल्या लॅकावाना गावात शोधा. मग मॅकडेड पार्कमधलं अँथ्रासाइट हेरिटेज म्युझियम आणि शेजारची लॅकावाना कोळसाखाण. तिथे डब्यातून खाली नेतात. हंगाम आधी तपासा आणि उन्हाळ्यातही स्वेटर न्या. दुपारी हाइड पार्क आणि वॉशबर्न स्ट्रीट. दुसरा दिवस मिळाला तर हेझल्टनजवळचं एकली हे जपून ठेवलेलं खाणगाव: कंपनीची घरं एका ओळीत, साहेबांची मोठी, मजुरांची दुपाखी आणि तोकडी. ओहायोकडे असाल तर ओक हिलमधलं वेल्श-अमेरिकन म्युझियम जुन्या चॅपलमध्येच आहे.

निघण्यापूर्वी एका पानावर पूर्वजाची माहिती मांडा: नाव, अंदाजे जन्मसाल, काम, खाण, चॅपल, परगणा, शेजाऱ्यांची आडनावं. त्याच्या दोन-तीन प्रती घ्या. संग्रहालयाच्या टेबलावर आणि स्थानिक इतिहास मंडळात एकेक द्या, सोबत तुमचा ईमेल लिहा. तीच खाण किंवा तेच चॅपल शोधणारं दुसरं कुणी आलं, तर तिथले लोक त्यांना तुमच्याकडे पाठवतील.